सुया टोचण्याची विद्या आणि तिची परीक्षा

पलसाण्याच्या चौकातून एक महामार्ग मुंबईहून अहमदाबादेकडे जातो आणि दुसरा सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर अशी गावे घेत धुळ्याला पोहोचतो. या दुसऱ्या रस्त्याने आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे सुरतेच्या आसपासच्या कापडगिरण्यांत आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत पोट भरीत आहेत. अशाच एका कुटुंबातील बाप-लेक गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्याकडे आली. मी चर्चहून परतले तो दोघे दारात उभी. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. विज्ञान शाखेतून बारावी झालेली. तिच्या हाती एक गुळगुळीत माहितीपत्रक होते.

“बाई, हे वाचून सांगा,” वडील म्हणाले. “पैसे भरू का नको?”

पत्रक ॲक्युपंक्चरच्या शिक्षणाचे होते. सहा शनिवार-रविवारांत अभ्यास पुरा, शेवटी प्रमाणपत्र, आणि नावाआधी ‘डॉक्टर’ लावण्याची मुभा. शुल्क चाळीस हजार रुपये. हे पैसे वडिलांनी मुलीच्या पुढील शिक्षणासाठीच ठेवले होते, तेव्हा ते तिच्यावर खर्च करण्यास त्यांची ना नव्हती. शिवाय त्यांचा स्वतःचा अनुभव होता. कारखान्यात कापडाचे तागे उचलून उचलून त्यांचा खांदा दोन वर्षे आखडलेला. सुरतेत कोणाकडे तरी सुया टोचून घेतल्यावर तो हलका झाला. मुलीने ते डोळ्यांनी पाहिले आणि हीच विद्या आपण शिकावयाची असे मनाशी घेतले. हेतू चांगला, पैसा कष्टाचा, आणि पत्रक मात्र संशय यावा असे. मी त्यांना आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि विचारले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ही विद्या आहे तरी काय? केसासारख्या बारीक, पोलादी, भरीव सुया शरीरावरील ठरावीक ठिकाणी टोचून काही वेळ तशाच ठेवावयाच्या, एवढे तिचे बाह्य रूप. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जावयाचे असते. ही पोकळ नसते व हिच्यातून काहीच जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर. ज्या ठिकाणी टोचावयाचे त्यांना बिंदू म्हणतात. चिनी शास्त्रानुसार शरीरात चौदा मुख्य वाहिन्या कल्पिलेल्या आहेत आणि त्यांवर ३६१ बिंदू आहेत. यांतील ३०९ शरीराच्या दोन्ही बाजूंस जोडीने येतात व ५२ मध्यरेषेवर एकेकटे, म्हणजे प्रत्यक्षात टोचण्याजोगी स्थाने ६७० झाली. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडत नाहीत. रक्तवाहिनी जशी हाती धरता येते तशी ही धरता येत नाही. ती एक प्राचीन मांडणी आहे आणि तिचा मूळ ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

बिंदू शोधण्याची रीत मला फार मनोरंजक वाटली. मोजपट्टी येथे चालत नाही. रोग्याच्याच अंगठ्याच्या सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा एक ‘त्सुन’. त्याचीच चार बोटे जुळवली की तीन त्सुन. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगास जो खळगा असतो, तेथून चार बोटे खाली यावे आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर सरावे, म्हणजे ‘झूसानली’ नावाचा प्रसिद्ध बिंदू मिळतो. उंच माणसाचा बिंदू त्याच्या बोटांनी आणि बुटक्याचा बुटक्याच्या. आपल्या आयुर्वेदातही शरीराची मापे रोग्याच्या स्वतःच्या अंगुलांनीच सांगितली आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. पण सहाशे सत्तर ठिकाणे अशी बोटांनी मोजून अचूक सापडणे, आणि तीही लठ्ठ, कृश, वृद्ध, गर्भवती अशा नाना देहांवर, ही सहा आठवड्यांत बसणारी सवय नव्हे, हे शिक्षकी पेशातील कोणासही सांगावे लागणार नाही.

परीक्षेचा प्रश्न चिनी लोकांनी हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता. सुंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी नावाच्या राजवैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे दोन पोकळ कांस्यपुतळे ओतण्यात आले. त्यांवर ३५४ नावांच्या बिंदूंसाठी ६५७ ठिकाणे खुणावलेली होती. सांगतात की, परीक्षेच्या दिवशी पुतळ्यास बाहेरून मेण फासीत आणि आत पाणी भरीत. विद्यार्थ्याने मेणातून सुई टोचावयाची. जागा अचूक असेल तर छिद्रातून पाणी येई आणि चुकली तर सुई आत जातच नसे. परीक्षकास गुण कापण्याची किंवा कोणाची भीड पडण्याची सोयच उरली नाही. उत्तरपत्रिका तपासताना मला या पुतळ्याची फार आठवण होते.

आता ही विद्या आपल्या देशात कशी आली ते पाहू, कारण त्या कथेत एक महाराष्ट्रीय नाव येते आणि त्या नावाभोवती एक गैरसमजही आहे. १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रसभेने चीनला एक वैद्यकीय पथक पाठविले. त्यात पाच डॉक्टर होते: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, व सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली जन्मलेले कोटणीस मुंबईस वैद्यक शिकले होते. बाकीचे परतले, कोटणीस परतले नाहीत. ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथेच त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तीसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने ते वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांची कथा घरोघरी नेली.

पुष्कळांना वाटते की कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणले. वस्तुतः कोटणीस शल्यवैद्य होते. रणांगणावरील जखमींवर शस्त्रक्रिया करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ही विद्या आणली ती त्यांच्या सोबत्याने, डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते पन्नासाच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ साली कलकत्त्यात तिचा उपचार सुरू केला. पुढे आपल्या दिवंगत मित्राच्या स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी ती पसरविली. लुधियान्यास कोटणीसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय १९७५ पासून आहे. नाव त्यामुळे चिकटले, आणि ते वावगेही नाही. पण या कथेतील एक गोष्ट मी त्या मुलीला मुद्दाम सांगितली. बसू चीनला शिकावयास गेले तेव्हा ते वीस वर्षांचा अनुभव असलेले पदवीधर डॉक्टर होते. सुई हाती घेण्यापूर्वी सुईखाली काय आहे ते त्यांना ठाऊक होते.

सुईखाली काय आहे, हाच तर खरा प्रश्न. मान आणि खांदा यांच्या मध्यावर ‘ज्यानजिंग’ नावाचा बिंदू आहे. मान-खांदा आखडलेल्या माणसास तो हमखास टोचतात. त्या जागेच्या थोडे खाली फुप्फुसाचे टोक असते. सुई प्रमाणाबाहेर खोल गेली तर छातीच्या पोकळीत हवा शिरते, फुप्फुस आक्रसते आणि रोगी धापा टाकू लागतो. असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदले गेले आहेत. हे क्वचित घडते हे खरे. ज्याने शरीररचना नीट शिकली आहे त्याच्या हातून तर फारच क्वचित. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील ‘हेगू’ हा बिंदू डोकेदुखीवर नेहमीचा, पण गर्भवती स्त्रीस तो टोचू नये असा परंपरेचा दंडक आहे. काही रोग्यांना पहिल्याच सुईला घेरी येते. त्यांना तत्काळ आडवे करून सुया काढावयाच्या असतात. आणि एकाची सुई दुसऱ्यास वापरली तर काविळीसारखा रोग रक्तावाटे पसरतो. म्हणून आता निर्जंतुक, एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या सुया वापरतात. त्या कोठे आणि कशा टाकावयाच्या, हाही अभ्यासक्रमाचा भाग असावयास हवा. पत्रकात यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. ‘दुष्परिणाम शून्य’ एवढेच ठळक अक्षरांत छापले होते.

या उपचाराचा गुण येतो की नाही, हा वाद मी टाळणार नाही. १९७१ च्या जुलैत जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा त्यांच्या कोपराशी व गुडघ्यांखाली सुया टोचण्यात आल्या आणि त्यांना आराम पडला. तो लेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येताच पश्चिमेत एकच कुतूहल उसळले. लोक अजून सांगतात की त्यांची शस्त्रक्रियाच सुयांच्या बधिरीकरणाने झाली. तसे नाही, शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिरीकरणाच्या इंजेक्शनानेच झाली होती. २०१२ साली सुमारे अठरा हजार रोग्यांच्या, एकोणतीस चाचण्यांतील माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. पाठ, मान, गुडघा यांच्या जुनाट दुखण्यात आणि डोकेदुखीत सुयांनी आराम पडतो, असे त्यात दिसले. मात्र खोट्या, म्हणजे लटक्या सुयांनीही बराच आराम पडतो, आणि खऱ्या-खोट्यांतील अंतर लहान आहे, हेही त्याच विश्लेषणात आहे. तेव्हा त्या वडिलांचा खांदा हलका झाला ही थाप नव्हे. पण पत्रकात मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि कर्करोग यांचीही यादी होती. तिला या आकड्यांचा आधार नाही.

आता शिक्षणाच्या कालावधीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली ॲक्युपंक्चरच्या मूलभूत शिक्षणाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जो डॉक्टर नाही व ज्यास ही विद्या पूर्णपणे आचरावयाची आहे, त्याच्यासाठी २,५०० तास, म्हणजे पूर्णवेळ दोन वर्षे, आणि त्यांतील किमान १,००० तास प्रत्यक्ष व रोग्यांसमवेत. जो आधीच डॉक्टर आहे त्यास पूर्ण शिक्षणाकरिता १,५०० तास. डॉक्टरला आपल्या नेहमीच्या व्यवसायात केवळ जोड म्हणून वापरावयाची असेल तर किमान २०० तास.

मी मुलीला पाटी-पेन्सिल घ्यावयास सांगितले; तशी सवय अजून सुटलेली नाही. सहा शनिवार-रविवार म्हणजे बारा दिवस. दिवसाला सहा तास धरले तर बहात्तर तास. पदवीधर डॉक्टरला मर्यादित वापरासाठी जेवढे लागतात त्याच्या निम्मेही नाहीत. आणि तिला स्वतःला जेवढे लागतील त्यांचा हा पस्तिसावा भाग. हिशेब मांडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

अन्य देशांत काय आहे तेही थोडक्यात सांगते, कारण पत्रकात ‘परदेशी संधी’ होतीच. अमेरिकेत नेवाडा राज्याने १९७३ मध्येच परवान्याचा कायदा केला. आज तेथे बहुतेक राज्यांत काही वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण व परीक्षा यांवाचून सुई हाती धरता येत नाही. कॅलिफोर्नियात तर ३,००० तास आणि राज्याची स्वतंत्र परीक्षा आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी आवश्यक झाली. बहात्तर तासांचे प्रमाणपत्र घेऊन या दारांशी जाण्यात अर्थ नाही.

आपल्याकडील कायद्याची वाटचाल वेडीवाकडी झाली. पश्चिम बंगालने १९९६ साली, म्हणजे बसूंच्या कार्यास सदतीस वर्षे झाल्यावर, ॲक्युपंक्चर चिकित्सेचा कायदा केला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ च्या नोव्हेंबरात एक आदेश काढला. ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत आहे, ती नोंदणीकृत वैद्यकांनी किंवा योग्य शिक्षण घेतलेल्यांनी वापरावी, असे त्यात होते; आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी शासनमान्य वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावी, असेही होते. महाराष्ट्राचा कायदा २०१५ सालचा. त्यान्वये महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद स्थापन झाली. संस्थांना मान्यता देणे व व्यावसायिकांची नोंदवही ठेवणे हे तिचे काम. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली.

या मान्यतेचा अर्थ मात्र समजून घ्यावयास हवा. पद्धतीस मान्यता मिळाली म्हणजे ती शिकविणाऱ्या प्रत्येक संस्थेस मिळाली असे नव्हे. गणित हा मान्य विषय आहे, म्हणून गल्लीतील प्रत्येक शिकवणी विद्यापीठ ठरत नाही. पत्रकाने नेमकी हीच गल्लत केली होती: ‘शासनमान्य’ हा शब्द मोठ्या टाइपात आणि संस्थेच्या नावाला अगदी खेटून. दुसरे असे की, महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. नवापूरच्या पलीकडे त्या परिषदेची नोंदणी ज्या अधिकाराने चालते, त्याच अधिकाराने ती पलसाण्यात चालेल असे गृहीत धरता येत नाही. येथे दवाखाना घालावयाचा तर गुजरात शासनाच्या आरोग्य खात्यास आधी लेखी विचारावे आणि लेखीच उत्तर घ्यावे. तोंडी उत्तरावर चाळीस हजार खर्च करू नयेत.

आणि एक गोष्ट. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचे एक प्रकरण आले होते. होमिओपॅथी शिकलेल्या एका व्यावसायिकाने तापाच्या रोग्यास आधुनिक वैद्यकाची औषधे दिली आणि रोगी दगावला. जी पद्धती आपण शिकलो नाही ती आचरणारा माणूस भोंदू वैद्य होय, असा अभिप्राय न्यायालयाने दिला. तो माणूस अडाणी नव्हता, त्याच्याकडे आपल्या विषयाची पदविका होती, हे लक्षात घ्यावे. सुईवाल्याने गोळ्या लिहून देणे, रक्तदाबाची औषधे बंद करा म्हणणे, हे याच सदरात मोडते.

मग ज्याला खरोखर शिकावयाचे आहे त्याने काय करावे? माझ्या मते सर्वांत भक्कम वाट जुनीच आहे: आधी वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी यांपैकी एखादे मान्य शिक्षण पुरे करावे आणि मग वर ॲक्युपंक्चर शिकावे. त्यात वर्षे जातात, पैसाही जातो. परंतु सुयांचा धंदा चालला नाही तरी माणूस उघड्यावर पडत नाही. थेट ॲक्युपंक्चरच शिकावयाचे ठरले, तर परिषदेच्या मान्यता-यादीत त्या संस्थेचे नाव स्वतः पाहावे. संस्थेने दाखविलेली झेरॉक्स प्रत पाहून समाधान मानू नये. प्रत्यक्ष रोग्यांवर किती तास, ते कोणत्या दवाखान्यात, आणि शिकविणाऱ्याची स्वतःची नोंदणी कोठे, हे तीन प्रश्न विचारावेत. चांगल्या ठिकाणी विद्यार्थी आरंभी कागदाच्या जाड गड्डीवर व कापसाच्या गादीवर सुई न वाकवता सरळ घालण्यास शिकतो. मग ती स्वतःच्या पायावर टोचून घेतो. सुई योग्य जागी पोहोचली की तेथे जडपणा आणि बोथट दुखरेपणा जाणवतो. ती जाणीव आपल्या देहात घेतल्यावाचून दुसऱ्याच्या देहात ओळखता येत नाही. परक्याचा खांदा त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येतो.

आठ दिवसांनी बाप-लेक पुन्हा आली. मुलीने दरम्यान त्या संस्थेस दूरध्वनी करून मी दिलेले तीनही प्रश्न विचारले होते. नोंदणीचे विचारताच पलीकडून उत्तर आले की, आमचे प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय आहे, त्यास नोंदणीची आवश्यकता नाही. मात्र आजच पैसे भरल्यास पाच हजारांची सूट मिळेल. ती हसून सांगत होती, पण मला त्यात तिची थोडी निराशाही दिसली. बारावीला जीवशास्त्र होतेच, तेव्हा फिजिओथेरपीचा अर्ज भरावा, न जमल्यास परिचारिकेचा, असे आम्ही ठरविले. चाळीस हजार अद्याप बँकेतच आहेत. पहिल्या वर्षासही ते पुरतीलच असे नाही, आणि ते वडिलांना ठाऊक आहे.

जाता जाता त्यांनी खांदा चोळीत विचारले, “बाई, मग मी सुया टोचून घेतो ते बंद करू का?”

“बंद कशाला करता, भाऊ? गुण येतो आहे ना!” मी म्हटले. “पण त्यांची नोंदणी कोठली ते विचारा. आणि पुढच्या खेपेस सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, ते पाहा.”

ते दारातच थांबले. दोन वर्षांत हे पाहावयाचे आपल्या ध्यानातच आले नाही, असे म्हणाले.